शुक्रवारची टोपली

मुलांनो, गोव्याचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? समुद्र, वाळू, चर्च, माडांची रांग... बरोबर ना? पण आज मी तुम्हांला समुद्राकडे नेणार नाही. आज आपण जायचं आहे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. तेही रिकाम्या हातांनी नाही हं! आपल्याबरोबर एक टोपली आहे आणि टोपलीत आहेत बहात्तर अंडी. गावठी अंडी! तेव्हा धक्काबुक्की न करता, जरा जपून चला.

म्हापसा हे उत्तर गोव्यातलं, बारदेश तालुक्यातलं शहर. दर शुक्रवारी इथे मोठा बाजार भरतो. हळदोण्याच्या लाल मिरच्या, मयड्याची लांबलचक केळी, चोरीसाच्या माळा, सुकी मासळी, मातीची मडकी, अबोलीचे वळेसर... काय नाही ते विचारा! या गर्दीत जमिनीवर पोतं अंथरून काही बायका बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर चार लिंबं, दोन फणसाच्या बियांच्या वाट्या, भाजीच्या जुड्या आणि एका टोपलीत अंडी. दुकान एवढंच.

देशावर आपण ज्याला 'गावरान' म्हणतो, त्यालाच कोकणात आणि गोव्यात 'गावठी' म्हणतात. अंड्यालाही नावं किती! मालवणीत अंडं म्हणजे 'कवाट'. गोव्याच्या कोंकणीत तेच होतं 'तांतें'. आमची टोपली 'कवटां' घेऊन निघते आणि म्हापशाला पोहोचेपर्यंत त्यांची 'तांतीं' होतात. आहे की नाही गंमत?

टोपली निघते कुठून?

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला दोडामार्ग तालुका आहे. एका बाजूला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या बाजूला गोव्याची हद्द. मधून तिलारी नदी वाहते. हीच नदी पुढे गोव्यात शिरते आणि शापोरा या नावाने समुद्राला मिळते. इथे काजूच्या बागा आहेत, सुपारी आहे, अननस आणि रबरही आहे. कर्नाटकातून आलेले रानटी हत्तीसुद्धा अधूनमधून केळीच्या बागांत शिरतात!

याच तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवते. माझ्या वर्गातली चौथीची एक मुलगी दर गुरुवारी संध्याकाळी फार घाईत असते. कारण विचारलं तर म्हणाली, "बाई, आज कवटांवर वार घालायचे असतत." तिची आजी दर शुक्रवारी अंडी घेऊन म्हापशाला जाते. मी त्यांना काकी म्हणते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी काकींना म्हटलं, "मी येऊ का तुमच्याबरोबर?" काकी म्हणाल्या, "येवा की! पण आदल्या रात्री र्‍हवाक येवा. गाडी बेगीन सुटता."

म्हणून गुरुवारी दुपारीच मी त्यांच्या वाडीवर पोहोचले. चिऱ्यांचं कौलारू घर, शेणाने सारवलेलं खळं, मागे उतारावर काजूची बाग. आणि त्या बागेत सगळीकडे कोंबड्या! कोणी पाचोळा उकरतेय, कोणी धुळीत अंग लोळवतेय. धुळीतली ही आंघोळ म्हणजे नुसता खेळ नव्हे बरं का. त्यामुळे पिसांमधल्या उवा-पिसवा कमी होतात.

काकींकडे अठरा कोंबड्या आणि दोन कोंबडे. प्रत्येकीची ओळख वेगळी. एक 'कवडी', कारण तिच्या अंगावर पांढरे ठिपके. एक 'झिपरी', डोक्यावर पिसांचा झुबका असलेली. पाय बहुतेकींचे पिवळेधमक. या पिवळ्या पायांची एक गोष्ट आहे. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. पण २००८ साली संशोधकांनी जनुकं तपासून दाखवलं, की पिवळ्या कातडीचा गुण कोंबड्यांना राखी रानकोंबड्याकडून मिळाला आहे. आणि हा राखी रानकोंबडा राहतो कुठे? आपल्या सह्याद्रीत! तिलारीच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकू येते. म्हणजे काकींच्या खळ्यातल्या पिवळ्या पायांचं नातं समोरच्या डोंगराशी आहे.

अंडं एका दिवसाचं, कोंबडी वर्षभराची

कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यातले वीसेक तास तर नुसतं कवच चढायला! कवचासाठी चुना लागतो. म्हणून काकी तिसऱ्यांचे शिंपले कुटून त्यांचा चुरा एका करवंटीत ठेवतात. ज्या कोंबडीला गरज असते ती आपली येऊन टिपून जाते.

बाकी खाणं म्हणजे सकाळी मूठ मूठ तांदळाची कणी आणि संध्याकाळी थोडा कोंडा. उरलेलं पोट त्या स्वतः भरतात. किडे, गवताचं बी, कोवळा पाला, पडलेली फळं. वाळवी म्हणजे तर मेजवानीच. पिल्लांसाठी आमची चौथीतली बाई बागेतून वाळवी लागलेलं लाकूड शोधून आणते आणि खळ्यात आपटते. मग पाहावी पिल्लांची धावपळ! हिरवा पाला भरपूर खाल्ला की अंड्याचा बलक छान केशरी-पिवळा होतो.

आता तुम्ही विचाराल, अठरा कोंबड्या म्हणजे रोज अठरा अंडी का? छे! फार्मवरची जातिवंत कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावठी कोंबडी देते जेमतेम साठ-सत्तर. बारा-पंधरा अंडी घातली की ती 'खुडूक' होते. म्हणजे अंडी घालणं थांबवते आणि उबवायला बसते. एकवीस दिवस ती जागची फारशी हलत नाही. दिवसातून थोडा वेळ उठते, चार दाणे खाते, पाणी पिते आणि परत बसते. चोचीने अंडी फिरवते, म्हणजे सगळीकडून सारखी ऊब लागते. पिल्लं झाली की त्यांना घेऊन दोन-तीन महिने फिरते. तोवर अंडी बंद!

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने 'वनराजा', 'ग्रामप्रिया' अशा परसात पाळायच्या जाती तयार केल्या आहेत. त्या गावठीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देतात. पण उबवायला बसण्याचा गुण त्यांच्यात कमी. म्हणजे नवी पिल्लं दर वेळी विकत आणायची. काकी म्हणतात, "माजी झिपरी कवटां कमी घालता, पण पिलांका वाढवता ती."

घार वर, मुंगूस खाली

ऐकायला किती सोपं वाटतं ना! कोंबड्या सोडल्या, अंडी गोळा केली, पैसे मिळाले. पण मोकळं फिरण्याची किंमत असते. वर आकाशात घार, कुंपणात मुंगूस, रात्री रानमांजर. मागच्या उन्हाळ्यात झिपरीने बारा अंडी उबवली. दहा पिल्लं निघाली. दोन घारीने नेली, एक कावळ्याने, एक विहिरीच्या पन्हळीत पडलं. वाढली सहा. पावसाळ्यात तर आणखी कठीण. ओल, थंडी आणि अंडीही कमी.

म्हणून तिन्हीसांजेला मोजणी होते. खुराडा चिऱ्यांच्या चौथऱ्यावर, जमिनीपासून हातभर उंच आहे. कोंबड्या आपापल्या एकेक करून आत शिरतात आणि नात मोठ्याने मोजते. "...सोळा, सतरा..." त्या दिवशी सतराच झाल्या! काकींच्या हातातलं काम थांबलं. बॅटरी घेऊन दोघी बागेत गेल्या. मीही मागोमाग. पंधरा मिनिटांनी काजूच्या बुंध्याशी, पाचोळ्यात दडून बसलेली कवडी सापडली. तिच्याखाली चोरून घातलेली नऊ अंडी!

मला वाटलं, वा! उद्याच्या टोपलीत नऊ अंडी वाढली. पण काकींनी ती वेगळ्या भांड्यात ठेवली. म्हणाल्या, "ही बाजारात नाय." का बरं? कारण ती किती दिवसांची आहेत, हे कोणालाच माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी अशीच सापडलेली अंडी टोपलीत गेली आणि एका गिऱ्हाइकाच्या घरी एक अंडं नासकं निघालं. ती बाई पुढे कितीतरी शुक्रवार दुसरीकडे बसणाऱ्या बायकांकडे जाऊ लागली. तेव्हापासून नियम ठरला : ज्याचा वार माहीत नाही, ते टोपलीत नाही. त्यातली चांगली निघतील ती घरच्या रश्श्यात!

हेच ते 'वार घालणं'. रोज सापडलेल्या अंड्यावर नात पेन्सिलीने अक्षर लिहिते. सोमवारचं 'सो', बुधवारचं 'बु'. आठवड्यापेक्षा जुनं अंडं म्हापशाला जात नाही. आणि अंडी धूत नाहीत हं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक पातळ थर असतो. धुतलं की तो थर जातो आणि जंतूंना वाट मिळते. घाण असेल तर सुक्या फडक्याने हलकेच पुसायचं.

सगळ्यांत मोठा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणतात. पुस्तकातलं नाव राणीखेत रोग. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. हा रोग आला की दोन-चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. यावर लस आहे. पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची लस असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. काकींकडे तर अठराच कोंबड्या! मग काय करायचं? वाडीतल्या बायकांनी एक दिवस ठरवला. एकीने पशुवैद्यकीय दवाखान्यातून थर्मासमधून लस आणायची आणि त्याच संध्याकाळी घरोघरच्या सगळ्या कोंबड्यांना द्यायची. एका घरची राहिली तर तिथून रोग सगळ्यांकडे जाईल. म्हणजे इथे शेजारणीची कोंबडी जगली तरच आपली जगते.

२००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा पक्ष्यांमधला बर्ड फ्लू सापडला. तेव्हा रोग पसरू नये म्हणून त्या भागातल्या फार्मवरच्या कोंबड्यांबरोबर घरोघरच्या गावठी कोंबड्याही माराव्या लागल्या. इतर ठिकाणीही लोकांनी भीतीने अंडी खाणं सोडलं. खरं तर अंडं आतपर्यंत नीट शिजवलं तर तो विषाणू टिकत नाही. पण भीती बातमीपेक्षा लांब पळते. त्याचा फटका छोट्या टोपल्यांनाही बसतो.

म्हापशाच्या वाटेवर

पहाटे टोपली भरायला घेतली. खाली भाताचं तूस, त्यावर अंड्यांचा थर, परत तूस, परत अंडी. प्रत्येक अंड्याचं निमुळतं टोक खाली. रुंद टोकाकडे आत हवेची पोकळी असते, ती वर राहिली की अंडं जास्त दिवस ताजं राहतं. काकींची स्वतःची चौतीस आणि शेजारच्या दोघींची मिळून अडतीस. एकूण बहात्तर.

एस.टी.ने दोडामार्ग. तिथून कदंबाची गाडी. हद्द ओलांडली, अस्नोडा गेलं, थिवी गेलं. सगळा वेळ टोपली काकींच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "किती तांतीं आज?" म्हणजे तोही ओळखीचाच!

बाजारात काकींची जागा ठरलेली. पोतं अंथरलं, टोपली मांडली, आणि पाचच मिनिटांत एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांना फेस्ताला बेबिंक करायचं होतं. बेबिंक म्हणजे गोव्यातला थराथरांचा गोड पदार्थ. त्यात नारळाचं दूध आणि पुष्कळ बलक लागतात. त्यांनी एकेक अंडं उन्हाकडे धरून पाहिलं, पेन्सिलीचं अक्षर वाचलं आणि दोन डझन घेतली. घासाघीस नाही, काही नाही.

त्या दिवशी शेजारच्या दुकानात फार्मचं अंडं सात रुपयांना होतं. काकींचं पंधरा. एका पर्यटकाने विचारलं, "एवढं महाग का? यात जास्त ताकद असते का?" काकी हसल्या. म्हणाल्या, "ताकद तुमकाच म्हायत. माज्या कोंब्यो फिरतत, एवढा माका म्हायत." किती खरं उत्तर! मुलांनो, कवच तपकिरी असलं म्हणून अंडं जास्त पौष्टिक होत नाही. रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. बहुतेक मोठ्या फार्मवर कोंबडी पिंजऱ्यात असते आणि एकीच्या वाट्याला तुमच्या उघड्या वहीपेक्षाही कमी जागा येते. हे वाईटच. पण त्याच फार्मांमुळे कितीतरी घरांत स्वस्त अंडं पोहोचतं, हेही विसरू नका. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, मग ते कुठलंही असो.

मग गावठी ओळखायचं कसं? रंगावरून तर नाहीच, कारण तपकिरी फार्मची अंडीही 'गावठी' म्हणून विकणारे असतात. टोपली पाहा. सगळी अंडी साच्यातून काढल्यासारखी एका मापाची, एका रंगाची असतील तर शंका घ्या. काकींच्या टोपलीत एक बदामी, एक दुधी, एक पिटुकलं, एक लांबोडकं. दोन अंडी काही सारखी नाहीत.

दहाच्या सुमाराला एक गृहस्थ आले. हॉटेलांना माल पुरवणारे. म्हणाले, "मावशी, आठवड्याला पाचशे द्या. सगळी घेतो, रोख पैसे." काकी म्हणाल्या, "एवडी खयसून हाडू?" ते गृहस्थ हळूच म्हणाले, "तपकिरी अंडी मी आणून देतो. तुम्ही फक्त आपल्या टोपलीत मिसळा. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे ना!"

मी काकींकडे पाहत राहिले. पाचशे अंडी म्हणजे केवढे पैसे! काकींनी टोपलीवरचं तूस सारखं केलं आणि म्हणाल्या, "माज्या अठरा कोंब्यांक मी वळखतंय. त्या पाचशे कवटांची आवस कोण, ता माका म्हायत नाय."

आवस म्हणजे आई. ते गृहस्थ दुसऱ्या टोपलीकडे वळले.

टोपलीचं गणित

अकरापर्यंत टोपली रिकामी! येताना गाडीत नातीच्या वहीत हिशेब लिहिला. तुम्हीही करा.

स्वतःची ३४ अंडी, दर १५ रुपये : ५१० रुपये. शेजारणींच्या ३८ अंड्यांमागे प्रत्येकी एक रुपया काकींचा : ३८ रुपये. एकूण ५४८. आता खर्च. जाण्यायेण्याचं तिकीट १२०. बाजारात बसायचा कर, त्याला गोव्यात 'सोपो' म्हणतात, तो २०. आठवड्याची कणी-कोंडा १३०. खर्च झाला २७०. उरले किती? २७८ रुपये.

तुम्ही म्हणाल, एवढेच? आणि हे तर चांगल्या आठवड्यातले. श्रावणात आणि गणपतीच्या दिवसांत अंडी कोण घेणार? पावसात तर टोपली अर्धीच भरते. नाताळाच्या आधी मात्र अंडी पुरत नाहीत.

पण हे २७८ रुपये काकींचे स्वतःचे आहेत. भाताचे पैसे घरखर्चात जातात, काजूचे पैसे कर्जात. अंड्यांचे पैसे मात्र काकींच्या डब्यात. त्यातून नातीच्या वह्या येतात, चष्म्याची काच बदलली जाते, माहेरी जायचं तिकीट निघतं. कोणाकडे हात पसरावा लागत नाही. आता सांगा, एका मुंगसाने एक कोंबडी नेली तर काय होतं? वर्षाची साठ अंडी गेली. पंधराच्या दराने ९०० रुपये. म्हणजे तीन चांगल्या शुक्रवारांहून जास्त! तिन्हीसांजेच्या मोजणीत सतरा झाल्यावर काकी का थांबल्या, हे आता कळलं ना?

नातीला कोंबड्या तीस करायच्या आहेत. आजी म्हणते, बाग पंचवीसच झेपेल. जास्त झाल्या तर गवत उरणार नाही, रोग लवकर पसरेल आणि कणी विकत आणावी लागेल. दोघींचं अजून ठरायचं आहे. मी मात्र नातीला सांगितलंय, आधी हिशेब मांड, मग आजीशी भांड!

तुमच्या गावच्या बाजारातही अशी एखादी टोपली असेलच. आईबरोबर गेलात तर नुसता भाव विचारू नका. "तुमच्या कोंबड्या किती? त्या कुठे चरतात?" असंही विचारा. बघा, टोपलीवाल्या मावशी किती खुलतात ते!

करून पाहा

१. एका खोल भांड्यात पाणी घ्या आणि अंडं हलकेच सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं बसतं. थोडं जुनं झालं की उभं राहतं. तरंगलं तर खाऊ नका. अंडं जुनं होतं तशी आतली हवेची पोकळी मोठी होत जाते, म्हणून असं होतं.

२. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावा. आतली हवेची पोकळी दिसते का?

३. काकींच्या अठरा कोंबड्यांपैकी तीन खुडूक बसल्या, तर उरलेल्यांची वर्षाची अंडी किती? एका कोंबडीची साठ धरा. (पण थांबा! खुडूक कोंबडी वर्षभर बसून राहते का? नीट विचार करून उत्तर लिहा.)